संगणक भाराखालीं कां कोसळतो ?

रिकामी बैलगाडी गांवच्या सपाट रस्त्यावरून चालली असतां तिचा आंस बळकट आहे कीं चिरलेला आहे, हें कोणासही सांगतां यावयाचें नाहीं. तीच गाडी उंसानें भरून घाटाला लागली म्हणजे मात्र आंस आपली खरी स्थिति प्रकट करतो. चीर घाटानें पाडलेली नसते. ती पूर्वींपासूनच असते. घाट ती केवळ उघडकीस आणतो. ही गोष्ट आमच्या बालमित्रांस व त्यांच्या पालकांस नवी नाहीं. परंतु गाडीविषयीं जें आपण सहज ओळखतों, तेंच घरांतील अथवा शाळेंतील संगणकाविषयीं ओळखण्यांत आपण किती चुकतों, आणि त्या चुकीमुळें एखाद्या निरपराध्यावर केवढा अन्याय होऊं शकतो, हें गेल्या वर्षीं आम्हांस अनुभवानें कळलें. तो अनुभव व त्यामागील शास्त्र या दोहोंचा परिचय करून द्यावा, या हेतूनें प्रस्तुत लेख लिहिला आहे.

शाळेच्या संगणकाच्या खोलींत एक यंत्र इतरांहून अधिक समर्थ आहे. एका माजी विद्यार्थ्यानें तें कांहीं वर्षांपूर्वीं शाळेस देणगीदाखल दिलें. चित्रांच्या कामासाठीं त्यांत निराळें ग्राफिक्स कार्डही आहे. गुणपत्रकें, पत्रव्यवहार, टंकलेखन हीं कामें तें यंत्र दिवसचे दिवस बिनतक्रार करीत असे. स्नेहसंमेलन आटोपल्यावर त्यांतील नाटकाचें व गायनाचें चित्रण एकत्र जोडून एक चित्रफीत तयार करावी व ती पालकदिनीं दाखवावी, असें ठरलें. हें काम इयत्ता नववींतील एका हुषार विद्यार्थ्याकडे सोंपविण्यांत आलें. त्यानें चित्रणाचे तुकडे मोठ्या मेहनतीनें जुळविले. पण शेवटीं सर्व तुकडे एकजीव करण्याची आज्ञा यंत्रास दिली कीं दहा-बारा मिनिटांत तें दिवा मालवल्याप्रमाणें बंद पडे. कधीं तें आपोआप पुन्हां सुरू होई, कधीं पडदा निळा होऊन त्यावर कसलीशी सूचना येई. तिसऱ्या वेळीं तर जुळविलेलें कामच नाहींसें झालें.

कोणीतरी म्हणालें, मुलानें पेनड्राइव्हमधून खेळ आणून यंत्रांत घातले असावेत व त्यांबरोबर व्हायरस शिरला असावा. आम्हीही तें खरें मानलें, हें सांगतांना आज लाज वाटते. मुलास त्या खोलींत येण्याची मनाई झाली. त्याच्या वडिलांस शाळेंत बोलावण्यांत आलें. ते एक दिवसाची मजुरी बुडवून आले, मान खालीं घालून आमचें बोलणें त्यांनीं ऐकून घेतलें व गेले. त्यानंतर यंत्रांतील सर्व कांहीं पुसून विंडोज नव्यानें घातलें आणि आम्हीं स्वतः तेंच काम चालविलें. नवव्या मिनिटास यंत्र बंद पडलें. मुलगा खोलीबाहेर होता, त्याचा कथित खेळ पुसला गेला होता, आणि तरीही दोष जेथल्या तेथेंच होता. त्या क्षणीं आमच्या ध्यानांत आलें कीं आम्हीं चौकशी न करतांच निकाल दिला होता. खरी चौकशी त्या दिवशीं सुरू झाली.

आतां प्रथम हें पाहूं कीं हलक्या कामांत निरोगी दिसणारें यंत्र भारी कामांत कां कोसळतें. याचीं मुख्य कारणें तीन आहेत : विद्युत्, उष्णता आणि स्मरणाचा विस्तार.

विद्युत् घ्या. पत्र लिहितांना संगणकाचा प्रोसेसर बहुतेक वेळ विसांवाच घेत असतो. दोन अक्षरांमधील क्षण त्याच्या हिशेबीं मोठी सुट्टी आहे. चित्रफीत जोडतांना मात्र त्याचे सर्व भाग एकदम कामास लागतात. समजा, अशा वेळीं तो १२० वॅट शक्ति घेतो व त्यास मिळणारा दाब १.२ व्होल्ट आहे. वर्गांत शिकलेलें सूत्र लावा : १२० भागिले १.२, म्हणजे १०० अँपिअर प्रवाह. घरांतील १,००० वॅटांची इस्त्री २३० व्होल्टांवर ४ अँपिअरहून किंचित् अधिक प्रवाह घेते, हें ध्यानांत आणलें म्हणजे नखाएवढ्या जागेंत काय चाललें आहे याची कल्पना येईल. हा प्रवाह पुरविण्यासाठीं पॉवर सप्लायच्या पेटींतून १२ व्होल्टांची तार मदरबोर्डाकडे येते व तेथें दाब उतरविला जातो. आतां त्या मार्गांत कोठें तरी सैल जोड असून त्याचा रोध ०.०५ ओहम आहे, असें धरा. प्रवाह १ अँपिअर असतां तेथें ०.०५ व्होल्ट दाब खर्ची पडेल, आणि तें कोणास कळणारही नाहीं. प्रवाह २० अँपिअर झाला कीं त्याच जोडांत १ व्होल्ट नाहींसा होईल व १२ चे ११ व्होल्ट उरतील. या तारेवर दाब शेंकडा ५ हून अधिक घसरूं नये, म्हणजे ११.४ व्होल्टांखालीं जाऊं नये, असा दंडक आहे. दोष तोच, जोड तोच. केवळ प्रवाह वाढल्यानें तो प्राणघातक झाला.

दाब उतरल्यानें बिघडतें काय ? प्रोसेसरांतील सूक्ष्म ट्रान्झिस्टर दाब कमी झाला कीं मंद होतात. प्रत्येक ठोक्यास ठराविक वेळांत त्यांनीं उत्तर द्यावयाचें असतें. उत्तर पोंचण्यापूर्वींच पुढला ठोका पडला, तर १ च्या जागीं ० वाचला जातो. त्या एका अंकावर पुढील सर्व हिशेब उभा राहतो व ढांसळतो. दाब याहूनही उतरला तर यंत्र तत्काळ बंद होतें.

दुसरें कारण उष्णता. प्रोसेसर जेवढी शक्ति घेतो ती जवळजवळ सर्व उष्णतेच्या रूपानें बाहेर पडते. ती वाहून नेण्यासाठीं त्यावर धातूचा पत्र्यापत्र्यांचा ठोकळा व पंखा असतो, आणि दोहोंमधील बारीक फट भरण्यासाठीं थर्मल पेस्ट नांवाचा लेप लावलेला असतो. पत्र्यांत धूळ बसली, पंखा मंदावला किंवा लेप वाळून भेगाळला कीं उष्णता कोंडते. बहुतेक आधुनिक प्रोसेसर १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोंचतांच आपली गति आपणच कमी करतात, आणि तरीही उष्णता वाढली तर जीव वांचविण्यासाठीं यंत्र बंद करतात. आपल्याकडील चैत्र-वैशाखांत खोलीचीच हवा ४० अंशांची असते. मग यंत्रास थंडावा कोठून मिळावा?

तिसरें कारण मेमरीचें. ८ जीबी मेमरींत सुमारें ६,८७० कोटि कण असतात व प्रत्येक कणांत एक शून्य किंवा एक असा अंक राहतो. त्यांतील एखादाच कण खराब असला, तर हलक्या कामांत तेथवर पाळीच येत नाहीं. सभागृहांतील शेवटच्या रांगेंतील बांकाचा पाय मोडका आहे, हें रोजच्या प्रार्थनेच्या वेळीं कळत नाहीं. संमेलनाच्या दिवशीं सभागृह भरलें म्हणजे कोणीतरी त्यावर बसतो व आपटतो. भारी काम सर्व मेमरी व्यापतें, म्हणून तो खराब कण तेव्हांच सांपडतो.

येथें कोणी विचारील, दोष यंत्राचा आहे कीं त्यांतील आज्ञावलीचा, हें आरंभीं कसें ओळखावें ? याची एक जुनी व सोपी कसोटी आहे. आज्ञावलींत चूक असेल तर तेंच काम पुन्हां केलें असतां तें बहुधा त्याच ठिकाणीं अडतें. कारण लिहिलेली चूक जागा सोडून जात नाहीं. यंत्राचा अवयव दुबळा असेल तर काम एकदां येथें, एकदां तेथें असें वाटेल तेथें तुटतें. इ. स. १९९० नंतरच्या दशकांत लिनक्स वापरणाऱ्या लोकांस याचा वारंवार प्रत्यय आला. त्या प्रणालीचा गाभा मूळ लिखाणापासून बांधून काढण्याचें काम प्रोसेसर व मेमरी या दोहोंवर मोठा ताण टाकी. तें काम दर वेळीं निराळ्या जागीं ‘सिग्नल ११’ असें सांगून थांबूं लागलें, तर आज्ञावलीस दोष न देतां मेमरी तपासा, असा अनुभवी लोकांचा सल्ला असे. अर्थात् ही कसोटी दिशा दाखविते, निकाल देत नाहीं. आमच्या चित्रफितीचें काम एकदां चवथ्या भागांत, एकदां अकराव्यांत व एकदां दुसऱ्यांतच तुटलें होतें. ही एवढी गोष्ट आम्हीं आरंभींच कागदावर मांडली असती, तर त्या मुलाच्या वडिलांस शाळेची पायरी चढावी लागली नसती.

चौकशीचे नियम थोडे आहेत, पण ते पाळणें कठीण आहे. पहिला नियम असा कीं यंत्रांतील महत्त्वाचें काम प्रथम दुसरीकडे उतरवून ठेवावें; कारण रोगी यंत्र केव्हां काय गिळील याचा नेम नाहीं. दुसरा, एका वेळीं एकच बदल करावा. मेमरी, पंखा व तार हीं तिन्ही एकाच दिवशीं बदललीं आणि यंत्र चालूं लागलें, तर आनंद होईल, परंतु ज्ञान होणार नाहीं. आणि निरोगी अवयवांवर पैसा गेला असेल तो निराळाच. तिसरा नियम वहीचा. आम्हीं एक वही घातली व तींत वेळ, खोलींतील उष्णमान, चाललेलें काम, किती मिनिटांनीं यंत्र पडलें व पडद्यावर काय दिसलें, हें लिहूं लागलों. चौथा नियम असा कीं यंत्राचा वेग कोणीं नेहमींच्या मर्यादेपलीकडे वाढविला असेल, तर आधीं तो मूळ पदावर आणावा. मेमरी तिच्या मूळ प्रमाणाहून जलद चालविण्याची जी सोय मदरबोर्डांत असते, तीही बंद करावी. वेगवाढ चालू ठेवून दोष शोधणें म्हणजे धांवत्या मनुष्याची नाडी मोजून त्यास ज्वर आहे असें म्हणणें होय.

या नियमांप्रमाणें आम्हीं प्रथम उष्णता पाहिली. भाराखालीं प्रोसेसर ९६ अंशांवर जात होता. बाजू उघडली तों पत्र्यांत धुळीचा नमदा बसलेला ! यंत्राची तार भिंतींतून काढून ठेवून, मऊ कुंचल्यानें धूळ काढली, वाळलेला लेप पुसून नवा लावला. उष्णमान ७४ अंशांवर आलें. चोर सांपडला, असें वाटून आम्हीं पुन्हां काम चालविलें. अकराव्या मिनिटास यंत्र बंद पडलें. हा प्रसंग आमच्या बालमित्रांनीं विशेष ध्यानांत ठेवावा. धूळ हा दोष खरा होता, तो दूर करणें इष्टच होतें. पण आपण ज्या दोषाच्या मागें लागलों तो हा नव्हता. एक दोष सांपडला म्हणजे दुसरा नाहींच, असें यंत्रशास्त्रांत कोठेंही सांगितलेलें नाहीं.

पुढें मेमरीची पाळी आली. यासाठीं मेमटेस्ट८६ नांवाची आज्ञावलि आहे. ती पेनड्राइव्हवर ठेवून यंत्र तिच्यावरूनच सुरू करावयाचें असतें, म्हणजे विंडोजचा संबंधच राहत नाहीं. ती मेमरीच्या प्रत्येक कणांत ठराविक नमुने लिहिते व परत वाचून ताडून पाहते. एक देखील चूक निघाली तर मेमरी संशयास्पद ठरते. मग एकेक पट्टी काढून, व तीच पट्टी निराळ्या खांचेंत घालून, दोष पट्टीचा आहे कीं खांचेचा आहे तें ठरवावें. चूक न निघाली तर मात्र मेमरी पूर्ण निर्दोष ठरत नाहीं. ती त्या परीक्षेंत उत्तीर्ण झाली एवढेंच म्हणावें. आम्हीं रात्रभर परीक्षा चालविली. चार फेऱ्या पुऱ्या झाल्या, चूक एकही नाहीं.

तिसरी परीक्षा प्रोसेसरची. तिच्या साधनाचा इतिहास मनोरंजक आहे. सतराव्या शतकांत मरीन मर्सेन नांवाच्या फ्रेंच धर्मगुरूनें २ च्या घातांतून १ वजा केला असतां येणाऱ्या मूळ संख्यांचा अभ्यास केला. अशा प्रचंड मूळ संख्या जगभरच्या संगणकांच्या साहाय्यानें शोधण्याचा एक उपक्रम इ. स. १९९६ सालीं सुरू झाला. २ चा १३,६२,७९,८४१ वा घात घेऊन त्यांतून १ वजा केल्यास येणारी, ४ कोटि १० लक्ष २४ हजार ३२० अंकांची मूळ संख्या त्याच उपक्रमांत इ. स. २०२४ च्या ऑक्टोबर महिन्यांत मिळाली. असे हिशेब दिवसेंदिवस चालतात, व मध्यें एक अंक चुकला तर सर्व श्रम व्यर्थ. म्हणून या लोकांनीं आपल्या प्राइम९५ या आज्ञावलींत यंत्राची छळपरीक्षा ठेवली. तिच्यांत प्रोसेसरला अत्यंत जड गुणाकार करावयास लावतात व उत्तर आधींच ठाऊक असलेल्या उत्तराशीं ताडून पाहतात. इ. स. २०१६ च्या आरंभीं इंटेल कंपनीच्या एका नव्या प्रोसेसरमालिकेंतील दोष अशाच जड हिशेबांतून बाहेर आला, व मदरबोर्डाच्या मूळ आज्ञावलींत सुधारणा करून तो दूर करावा लागला.

आमच्या यंत्रानें ही परीक्षा चाळीस मिनिटें सहन केली. मग केवळ ग्राफिक्स कार्डावर भार टाकला. तेंही अर्धा तास निर्वेध चाललें. आतां खरें कोडें पडलें. प्रोसेसर एकटा चालतो, कार्ड एकटें चालतें, मेमरी निर्दोष दिसते. मग पडतें कोण? आम्हीं दोन्ही परीक्षा एकदम चालविल्या. तिसऱ्या मिनिटास यंत्र मालवलें. पुन्हां केलें, पुन्हां तिसऱ्याच मिनिटास. येथें वहीनें आपलें काम केलें. दोन गडी एकेकटे ओझें उचलतात, पण दोघे मिळून उचलूं लागले कीं पायाखालची फळी मोडते, तर दोष गड्यांचा नव्हे, फळीचा आहे. दोहोंस विद्युत् पुरविणारी फळी म्हणजे पॉवर सप्लाय.

त्यावर ४५० वॅट असें छापलें होतें. प्रोसेसर १२०, कार्ड १७० व इतर अवयव सुमारें ६० असे ३५० वॅट होत. म्हणजे कागदावर तो पुरेसा होता. पदार्थविज्ञानाच्या शिक्षकांनीं मीटर लावून १२ व्होल्टांच्या तारेवरील दाब मोजला. विसांव्याच्या वेळीं १२.१, प्रोसेसरच्या भाराखालीं ११.५, आणि दोन्ही भार एकदम टाकतांच ११.१; त्यानंतर अंधार. ११.४ ची मर्यादा वर सांगितलीच आहे. तरीही आम्हीं निकाल दिला नाहीं. कारण एकदां घाईनें दिलेल्या निकालाची जखम ताजी होती. शेजारच्या निरोगी यंत्राचा पॉवर सप्लाय काढून या यंत्रास लावला. दोन्ही परीक्षा तीन तास अखंड चालल्या. मग संशयित पॉवर सप्लाय त्या निरोगी यंत्रास लावला व त्यावर भार टाकला. तें निरोगी यंत्र बंद पडलें. ही उलट परीक्षा फार मोलाची आहे. अवयव काढल्यानें रोग जातो, आणि तोच अवयव दुसऱ्यास लावल्यानें रोग त्यास जडतो, हीं दोन्ही दिसलीं म्हणजे शंकेस जागा उरत नाहीं. पुढें एका जाणत्या कारागिरानें ती पेटी उघडून दाखविली. आंतील दोन कपॅसिटरांचीं डोकीं फुगून वर आलीं होतीं. कपॅसिटर हा विद्युतेचा रांजण होय. एकदम मागणी आली कीं तो सांठ्यांतून ती भागवितो. रांजण आटला होता, म्हणून मोठ्या मागणीस दाब टिकत नव्हता.

यंत्र स्वतःच आपला दोष कां सांगत नाहीं, असा प्रश्न मुलें विचारतात. तें सांगतें, पण त्याची साक्ष पारखून घ्यावी लागते. विंडोजच्या नोंदवहींत अशा वेळीं ४१ क्रमांकाची नोंद सांपडते. तिचा अर्थ एवढाच कीं यंत्र रीतसर निरोप न घेतां बंद झालें. कां झालें, हें ती सांगत नाहीं. कधीं तर यंत्र भलत्याचेंच नांव घेतें. याचें ठळक उदाहरण इ. स. २०२३ व २०२४ या सालांत जगानें पाहिलें. इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीचे कांहीं शक्तिमान् प्रोसेसर असलेले संगणक मोठे खेळ सुरू करतांना कोसळूं लागले, आणि पडद्यावर सूचना येई कीं ग्राफिक्स कार्डाची मेमरी संपली. लोक बिचाऱ्या कार्डावर रागावले. वस्तुतः खेळ उघडतांना आवळून ठेवलेली माहिती उलगडण्याचें जड काम प्रोसेसर करतो. तेथें त्याच्या हातून अंक चुकत, आणि त्या चुकीचें पर्यवसान कार्डाच्या नांवानें ओरड होण्यांत होई. जुलै २०२४ मध्यें इंटेलनें प्रसिद्ध केलें कीं प्रोसेसरच्या आंतील आज्ञासंचाच्या चुकीमुळें तो प्रमाणाहून अधिक दाब मागत होता. ऑगस्टपासून सुधारलेला आज्ञासंच देण्यांत आला. वाढीव दाब व उष्णता यांनीं प्रोसेसरच्या गाभ्यांतील ठोका पोंचविणारा भाग अकालीं झिजतो, हें कारण सप्टेंबरांत सांगण्यांत आलें. सुधारणेनें पुढील झीज थांबे, झालेली भरून येत नसे. म्हणून कंपनीनें त्या प्रोसेसरांची हमी दोन वर्षांनीं वाढविली. ज्याचें नांव पडद्यावर आलें तो अपराधी नव्हता, हा या प्रकरणाचा बोध.

धिमेपणाचें याहून जुनें उदाहरण अमेरिकेंतील व्हर्जिनिया संस्थानांतलें आहे. तेथील लिंचबर्ग कॉलेजांत गणिताचे अध्यापक टॉमस नाइसली हे जुळ्या मूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज करीत होते. जून १९९४ मध्यें त्यांस उत्तरांत तफावत दिसली. ‘यंत्र चुकतें’ असें त्यांनीं लगेच म्हटलें नाहीं. प्रथम त्यांनीं आपलीच आज्ञावलि तपासली, मग ती भाषांतरित करणारें साधन, मग मदरबोर्ड. असे महिनोन्‌महिने एकेक संशयित वगळीत ते ऑक्टोबरांत पेन्टियम प्रोसेसरपर्यंत येऊन पोंचले. ४१,९५,८३५ ला ३१,४५,७२७ नें भागल्यास उत्तर १.३३३८२ असें सुरू व्हावयास हवें. तो प्रोसेसर १.३३३७३ असें देई. भागाकाराच्या अंतर्गत कोष्टकांतील पांच घरें रिकामीं राहिलीं होतीं. हा दोष भाराचा नव्हता, रचनेचाच होता. पण शोधण्याची रीत हीच. डिसेंबरांत इंटेलला सर्व प्रोसेसर बदलून देण्याचें जाहीर करावें लागलें, व त्यापायीं साडेसत्तेचाळीस कोटि डॉलरांचा भार सोसावा लागला. एका अध्यापकाच्या वहीनें हें घडविलें.

पालकांस दोन शब्द. घरचा संगणक काम वाढतांच बंद पडूं लागला, तर तो टाकून नवा घेण्याची घाई करूं नये, आणि मुलावरही रागावूं नये. प्रथम धूळ झाडावी. भिंतींतील खांच व तारेचे जोड सैल नाहींत ना तें पाहावें. मेमरीची परीक्षा रात्रीं लावून ठेवावी, तीस पैसा पडत नाहीं. चकतीची प्रकृति सांगणारी आज्ञावलिही मिळते, ती चालवून पाहावी. चकती म्हातारी झाली असेल तर कागदपत्र त्याच दिवशीं दुसरीकडे हलवावे. संशयित अवयवाच्या जागीं शेजाऱ्याचा किंवा मित्राचा तसाच अवयव क्षणभर लावून पाहतां आला, तर दुकानांतील पुष्कळ खर्च वांचतो. एक गोष्ट मात्र निक्षून सांगतों : पॉवर सप्लायची पेटी घरीं कधींही उघडूं नये. तार काढल्यावरही तिच्यांतील मोठ्या कपॅसिटरांत तीनशें व्होल्टांहून अधिक दाब कांहीं काळ राहूं शकतो, व तो जिवावर बेततो. मुलांनीं यंत्राची बाजू उघडावयाची तीही तार काढून व वडील मनुष्य जवळ असतांनाच.

नवा पॉवर सप्लाय आला, चित्रफीत एका बैठकींत तयार झाली व पालकदिनीं ती सर्वांनीं पाहिली. तत्पूर्वीं आम्हीं एक काम केलें. नववीच्या वर्गांत उभें राहून ती वही उघडली, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून दाखविली, आणि शाळेनें आपल्या एका विद्यार्थ्यावर पुराव्यावांचून दोष ठेवला ही आमची चूक झाली, असें त्याच्या सोबत्यांदेखत सांगितलें. त्याच्या वडिलांकडे आम्हीं स्वतः गेलों. ते म्हणाले, “सर, झालं तें झालं. पोरगं म्हणत होतं मी कांहीं केलं नाहीं. पण मीही त्याचं ऐकलं नव्हतं.” त्या वाक्यावर आम्हांस कांहीं उत्तर देतां आलें नाहीं. ती वही आतां संगणकाच्या खोलींत टांगलेली आहे, व यंत्र बंद पडलें कीं तींत प्रथम नोंद करण्याचें काम त्याच मुलाकडे आहे.